हात आणि यंत्र : दोरिओलाची तलवार

नांदेडकरांना तलवार नवी नाही. हल्लामहल्ल्याच्या मिरवणुकीतले गतक्याचे हात आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. परंतु आज ज्या तलवारीविषयी बोलावयाचे, ती रक्त काढीत नाही. नुसती स्पर्श करते. तिचे नाव फॉइल. तिच्या टोकाने, आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या धडालाच, स्पर्श झाला तर गुण. दोघांचे स्पर्श एकदम झाले तर चढाई करणाराचा हक्क पहिला. चढाई अडविली गेली की हक्क अडविणाराकडे जातो.

या विद्येत फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ दोरिओला (१९२८–२००७) याच्या तोडीची माणसे थोडी. १९४७ साली लिस्बन येथे तो जगज्जेता झाला, तेव्हा त्याची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढे १९४९, १९५३ व १९५४ ची जगज्जेतेपदे आणि १९५२ चे ऑलिंपिक सुवर्णपदक. हा डावखुरा. आडदांडपणाचे नाव नाही. सारी करामत बोटांची, अंतर जोखण्याची आणि समोरच्याची चढाई त्याच्यावरच उलटविण्याची.

तोवर स्पर्श झाला की नाही, हे चार साहाय्यक पंच डोळ्यांनी पाहून सांगत. डोळा चुके; कधी मनही चुके. १९५५ साली जागतिक स्पर्धेत विजेची फॉइल आली. टोकाला बटण, अंगात धातूच्या तारांचे जाकीट, स्पर्श होताच दिवा. टोक जड झाले, तोल बदलला. दोरिओलाला हे मुळीच रुचले नाही. त्या वर्षीचे जगज्जेतेपद हंगेरीच्या ग्युरिट्झाकडे गेले.

येथे आम्हांला आमचीच एक चूक आठवते. लातूरच्या एका कारखान्यात नवे यंत्र आले, तेव्हा आम्ही ते दारातच अडविले. ते आमच्या माणसांना शिकवा, अशी मागणी मात्र केलीच नाही. वर्षभरात यंत्र आत गेले, चालविण्यास बाहेरची पोरे आली, आणि वीस-वीस वर्षांचे कारागीर हमाली करू लागले. तो दोष मालकाइतकाच आमचाही होता.

दोरिओलाने नापसंती सोडली नाही. पण न आवडणारे हत्यार हाती धरले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्याच विजेच्या फॉइलने त्याने पुन्हा वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. दिवा स्पर्श झाल्याचे सांगतो. हक्क कोणाचा, हे सांगत नाही. ते ठरविण्यास आजही माणूसच लागतो. म्हणून यंत्राशी भांडू नये. ते शिकावे, आणि हक्काचा निवाडा मात्र त्याच्यावर सोपवू नये.