प्रवाळाच्या टाकीवरचा निळा दिवा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात तगर नगरीचं नाव येतं. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं आजचं तेर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर आहे आणि इथलं साधं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाते, असं तो सांगतो. त्याच भडोचला पश्चिमेकडून काय काय उतरतं याची यादीही त्याने दिली आहे, आणि तिच्यात दारू, तांबं, कथील, शिसं यांच्या जोडीला पोवळं आहे. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या मुलखाची प्रवाळाशी ओळख अशी जुनी आहे. तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातली कवडीही उथळ, उबदार समुद्रातल्या प्रवाळांच्या आश्रयाने वाढलेल्या गोगलगायीचंच कवच. आज कुणाला धाराशिवच्या आपल्या घरात जिवंत प्रवाळाची टाकी उभी करायची असेल, तर त्याच्यापुढचा सर्वांत महागडा प्रश्न मात्र भडोचच्या व्यापाऱ्यापुढे कधीच नव्हता. तो प्रश्न दिव्याचा. भूमध्य समुद्रातून येणारं लाल पोवळं गुहांच्या छतांवर आणि मंद उजेडाच्या खोलीत वाढतं, कारण त्याच्या अंगात शैवाल राहत नाही आणि त्याला उजेडाची गरज नसते. उष्ण समुद्रात खडक बांधणारा प्रवाळ मात्र उजेडावर जगतो. तो उजेड घरात आणण्याचा इतिहास पाहिला की एक गोष्ट पटते: बाजारात 'फुल स्पेक्ट्रम' म्हणून विकला जाणारा दिवा सूर्याचा वंशज नाही. त्याचं कूळ एकीकडे खोल पाण्याच्या निळाईत आहे आणि दुसरीकडे प्रवाळाशी काडीचा संबंध नसलेल्या धंद्यांत. दिवा निवडायचा तो हे कूळ ओळखून.

घरातल्या प्रवाळाची सुरुवातही उजेडाविनाच झाली. १८४६ साली ॲना थीन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून काही दगडी प्रवाळ लंडनला नेले आणि समुद्राचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहून, म्हणजे त्यात हवा मिसळत राहून, ते जगवले. ते थंड पाण्यातले, शैवालाविना जगणारे प्रवाळ होते, म्हणून खिडकीच्या उजेडाने काही अडलं नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल असतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळलं होतं. कार्ल ब्रांट यांनी १८८१ साली तशा शैवालाला 'झूझँथेला' हे नाव दिलं. पण त्याचं काम काय, यावर वाद राहिला. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख मॉरिस यंग यांचं मत होतं की प्रवाळ भक्ष्य पकडूनच जगतो, शैवाल त्याची घाण तेवढी उचलतं. १९५९ साली थॉमस गोरो यांनी जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवलं की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने तयार होतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत मासिकात छापली: समुद्रातला जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि विषुववृत्तावरचं ऊन. दिवा नाहीच. ही पद्धत इतरत्र, विशेषतः युरोपच्या ढगाळ शहरांत, नेताना अडचण आली ती उन्हाची, आणि दिव्याची कुळकथा खरी तिथून सुरू होते.

ऊन हवं म्हणजे नेमकं काय हवं? याचं उत्तर पाण्यात आहे. पाणी लाल रंग झपाट्याने गिळतं. अगदी शुद्ध पाण्यातही ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दहा मीटर खाली गेल्यावर जेमतेम तीन टक्के उरतो, तर ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश तेवढ्याच खोलीवर नव्वद टक्क्यांहून अधिक शिल्लक असतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर असलेल्या आंग्रिया बँकेचं उदाहरण घ्या. कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ही पाण्याखालची टेकडी आहे आणि तिचा माथाच समुद्रसपाटीखाली वीसेक मीटरवर आहे. तिथल्या नितळ पाण्यात प्रवाळ भरघोस वाढतात, आणि त्यांच्यापर्यंत लाल प्रकाश जवळजवळ पोहोचतच नाही. प्रवाळाच्या शैवालाची घडणही त्याला साजेशी आहे. त्याच्यातली क्लोरोफिल ए आणि सी ही द्रव्यं मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश टिपतात आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य निळ्यापासून हिरव्याच्या सीमेपर्यंतचा टापू सांभाळतं.

जर्मन हौशींनी १९८०च्या दशकात मेटल हॅलाइड दिवे टाकीवर टांगले. जिवंत खडक, फेस काढून पाणी शुद्ध करणारं यंत्र आणि हे प्रखर दिवे, अशा जोडणीला पुढे 'बर्लिन पद्धत' म्हणू लागले. मेटल हॅलाइड हा मैदानं आणि गोदामं उजळणारा दिवा. आरंभी त्याचा उजेड पिवळसर असे, म्हणून त्याच्या जोडीला निळी नळी लावत. ही निळी नळी कुठून आली, हा मला या साऱ्या कथेतला सर्वांत मोलाचा तपशील वाटतो. सुमारे ४२० नॅनोमीटरला शिखर असलेली फिलिप्सची '०३' क्रमांकाची ॲक्टिनिक नळी नकाशांच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांसाठी बनली होती. आपल्याकडे इंजिनिअर आणि नगररचनेच्या कचेऱ्यांतून ज्याला 'अमोनिया प्रिंट' म्हणत, त्याच जातीच्या कागदावर हा निळा-जांभळा प्रकाश टाकत. कागदावरचं रसायन ज्या तरंगलांबीला प्रतिसाद देई, तीच शैवालालाही मानवत होती. योगायोगच म्हणायचा, पण फार उपयोगी. पुढे १०,००० आणि २०,००० केल्विनचे निळसर मेटल हॅलाइड आले आणि दोन्ही कामं एका दिव्यात होऊ लागली, मात्र उष्णतेचा प्रश्न तसाच राहिला. २५० किंवा ४०० वॅटचा तो दिवा पाण्यावर अवरक्त किरणांचा मारा करतो, आणि टाकी चोवीस ते सत्तावीस अंशांवर राखायला पाणी थंड करणारा चिलर बहुधा लागतो. बर्लिनच्या हिवाळ्यात ही उष्णता कुणाला बोचली नसेल. मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो त्या धाराशिवमध्ये मात्र या दिव्याने टाकीच शिजली असती.

एलईडीचा निळा दिवाही प्रवाळासाठी जन्मला नाही. लाल एलईडी १९६२ पासून होता. निळ्यासाठी तीस वर्षं लागली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शूजी नाकामुरा या जपानी संशोधकांनी गॅलियम नायट्राइडचे स्फटिक आवाक्यात आणले, १९९३ मध्ये निचिया कंपनीने प्रखर निळा एलईडी जाहीर केला आणि २०१४ साली तिघांना नोबेल मिळालं. १९९६ मध्ये त्याच कंपनीने निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला, आणि तेव्हापासून जगातल्या जवळपास प्रत्येक पांढऱ्या एलईडी बल्बच्या पोटात ४५० नॅनोमीटरच्या आसपासची निळी चिप आहे. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेच्या आगेमागे सरकारी खरेदीतला बल्बचा भाव ३१० रुपयांवरून चाळीस रुपयांच्या खाली आला. ही निळी चिप स्वस्त झाली ती रस्ते, कचेऱ्या आणि घरं उजळण्यासाठी. नवजात बाळांच्या काविळीवरच्या निळ्या दिव्यांतही तिचीच भावंडं आली. प्रवाळ पाळणाऱ्यांना तिचा लाभ आयता मिळाला. २००७ साली अमेरिकेत ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज कंपनीला समुद्री टाकीवरच्या एलईडी दिव्यांचं पेटंट मिळालं, त्यावरून दावेही लागले, पण चिपच इतकी सर्वत्र झाली होती की ही वाट कुणाला फार काळ अडवता आली नाही.

आता 'फुल स्पेक्ट्रम'. हा शब्दप्रयोग १९६०च्या दशकात अमेरिकेत जॉन ऑट यांनी रूढ केला, आणि तो दिवसाच्या उजेडाची नक्कल करणाऱ्या ट्यूबलाइटसाठी होता. ऑट झाडांच्या वाढीचे चित्रपट घेत आणि बंद खोल्यांतल्या माणसांच्या आरोग्याचा विचार करत. झाडं आणि माणसं, दोन्ही हवेत राहणारी. त्यांच्या दिव्यात लाल भाग भरपूर असणं योग्यच होतं. तोच निकष समुद्राच्या टाकीला लावला की गडबड होते. यावर पहिला आक्षेप असा की भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले प्रवाळ पूर्ण उन्हातही जगतात, मग लाल प्रकाशाचं वावडं कसलं? जगतात हे खरं, पण ते लाल प्रकाशामुळे नव्हे. २०१४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळाचे तुकडे सहा आठवडे निळ्या, लाल आणि निम्म्या-निम्म्या मिश्र प्रकाशात ठेवले. निळ्यात सर्वाधिक तुकडे जगले. प्रखर लाल प्रकाशात थोडेच वाचले, आणि हरितद्रव्याच्या बाबतीत तर मिश्र प्रकाशातही लालाचा वाईट परिणाम निळ्याच्या फायद्यावर भारी पडला. दिव्यातल्या चार-दोन लाल चिपांनी टाकी मरत नाही, पण त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजण्याचं कारणही उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आपल्याच किनाऱ्यावरून येतो. मालवणचे प्रवाळ आंग्रियासारख्या निळ्या पाण्यात राहत नाहीत. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, त्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्यं आणि तरंगतं शैवाल. असं पाणी निळा प्रकाश आधी शोषतं आणि खाली हिरवट उजेड जास्त पोहोचतो. मग निळ्याचा एवढा आग्रह का? कारण मालवणमध्ये तगतात ते प्रवाळ गाळ सोसणाऱ्या मोजक्या जातींचे आहेत, आणि पेरिडिनिनमुळे निळसर हिरव्या प्रकाशातही ते निभावून नेतात. ही त्यांची चिवटाई आहे. तिच्यावरून धडा घ्यायचा तो इतकाच, की दिवा फक्त ४५० नॅनोमीटरच्या एकाच टोकदार शिखराचा नसावा. सुमारे ४०० पासून ५०० पर्यंतचा पट्टा सलग भरलेला असावा, म्हणजे जांभळ्या, गडद निळ्या, निळ्या आणि निळसर हिरव्या चिपा एकत्र असाव्यात. उपयोगाचा विस्तार तो हा. पांढऱ्या चिपा हव्यात, पण मुख्यतः पाहणाऱ्यासाठी: निव्वळ निळ्यात माशांचे रंग मरतात आणि प्रवाळ आजारी पडला तर चटकन कळत नाही. प्रवाळाची स्वतःची चमक मात्र निळ्यानेच येते. सेसिलिया डी'अँजेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की कित्येक प्रवाळांत चमकणाऱ्या प्रथिनांची निर्मितीच निळ्या प्रकाशावर अवलंबून असते.

म्हणून विकत घेताना खोक्यावरची वॅट, केल्विन आणि 'फुल स्पेक्ट्रम' ही अक्षरं बाजूला ठेवावीत आणि विक्रेत्याकडे दोन कागद मागावेत: तरंगलांबीचा आलेख, आणि टाकीच्या वेगवेगळ्या खोलीवर पडणाऱ्या प्रकाशकणांची मोजणी, जिला हौशी लोक 'पार' म्हणतात. मऊ प्रवाळांना ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात, फांद्यांच्या दगडी प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात हाच आकडा दोन हजारांच्या घरात जातो. साधं लक्स मीटर इथे फसवतं. ते माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरव्या-पिवळ्याला सर्वाधिक दाद देतं आणि ४५० नॅनोमीटरला त्याच्या चार टक्केही देत नाही. निळ्या आणि पांढऱ्या चिपा वेगवेगळ्या मंद करता येतील असाच दिवा घ्यावा, आणि पहिले काही आठवडे तो कमी प्रखरतेवर ठेवावा. एलईडीखाली नव्याने आलेले प्रवाळ पांढरे पडतात ते बहुधा अति उजेडाने. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. पाण्यावर साधा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंश उतरते. त्या बदल्यात रोज गोडं, आरओचं पाणी भरावं लागतं, आणि आरओ जे पाणी टाकून देतं ते या दुष्काळी जिल्ह्यात बागेला किंवा धुण्याभांड्याला वापरलंच पाहिजे.

राहिला तो मूळ आक्षेप: समुद्र नसलेल्या गावात हा खटाटोप कशाला? १९९९ मध्ये मिखाईल मात्स आणि त्यांच्या रशियन सहकाऱ्यांनी प्रवाळवर्गीय प्राण्यांतली चमकणारी प्रथिनं प्रसिद्ध केली. त्यांतलं लाल प्रथिन आज जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत पेशी रंगवायला वापरतात, आणि ते मॉस्कोतल्या मत्स्यालयात पाळलेल्या प्राण्यांतून मिळालं होतं. मॉस्कोला तरी कुठे समुद्र आहे? आक्षेपाचा खरा धारदार भाग वेगळा आहे, तो समुद्रातून ओरबाडण्याचा. भारतातले दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणहून किंवा लक्षद्वीपहून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. परदेशी दगडी प्रवाळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर तशा प्राण्यांची नोंदणीही आवश्यक झाली आहे. कागदपत्रांविना मिळणारा प्रवाळ घेऊच नये. टाकीतच तुकडे करून वाढवलेले प्रवाळ कागदांसह घ्यावेत, आणि त्यांना तर चांगला दिवा अधिकच लागतो, कारण वाढवण्याचा सारा भार त्याच्यावर असतो.

वीज जाते तेव्हाची गोष्ट निराळी. एक-दोन दिवसांच्या अंधाराने निरोगी प्रवाळ मरत नाही; पावसाळी आभाळाखाली समुद्रातही तसे काळोखे दिवस येतातच. पाणी हलायचं थांबलं आणि त्यातला प्राणवायू घटला, तर मात्र काही तासांत टाकी हातची जाते. त्यामुळे इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप आणि हवेचा पंप जोडावा. बॅटरीत उरलं, तर मग दिवा.