आधी काम, मग ओळख : सेगावचे परदेशी रहिवासी

वर्धा जिल्ह्यावर लिहायला बसले की पाहुण्यांची एक लांबलचक यादी आपोआप हाती लागते. लॉर्ड लोथियन १९३८ मध्ये सेगावला येऊन राहून गेले. अमेरिकन पत्रकार लुई फिशर १९४२च्या जूनमध्ये आठवडाभर मुक्कामाला होता आणि त्या आठवड्यावर त्याने पुस्तकच लिहिले. स्थानिक इतिहासाच्या आपल्या पुस्तकांत ही नावे अभिमानाने येतात. पण पाहुणा आणि रहिवासी यांत फरक आहे. पाहुण्याला उन्हाळा एकदाच सोसावा लागतो. ज्यांनी परतीचे तिकीट काढलेच नव्हते, ज्यांना इथले पाणी, इथला नवतपा, इथली भाषा आणि इथले काम अंगवळणी पाडायचे होते, त्या परदेशी माणसांचे काय झाले, हा मला अधिक महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्यांच्याबद्दल आपण ‘त्याग’ हा एकच शब्द वापरतो आणि मोकळे होतो. त्या शब्दाखाली रोजची धडपड झाकली जाते.

सुरुवात मीराबहेनपासून करणे भाग आहे. मॅडेलिन स्लेड, जन्म १८९२, ब्रिटिश नौदलातील बड्या अधिकाऱ्याची मुलगी. रोमां रोलां यांचे गांधींवरील पुस्तक वाचून तिने भारतात यायचे ठरवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. निघण्याआधी तिने वर्षभर केलेली तयारी मात्र तितकीशी सांगितली जात नाही. जमिनीवर बसण्याची आणि निजण्याची सवय, मांसाहार आणि मद्य बंद, सूतकताई, उर्दूची शिकवणी, असा तो अभ्यासक्रम होता आणि तो तिने स्वतःच आखला होता. जुलै १९२५ मध्ये गांधींनी तिला लिहिलेले पत्र मला फार मोलाचे वाटते. त्यात स्वागत आहे, पण त्याला लागूनच इशारा आहे. आश्रमातले जगणे सुखाचे नाही, प्रत्येकाला अंगमेहनत करावी लागते, आणि या देशाचे हवामान ही काही किरकोळ बाब नाही, असा त्याचा आशय. परदेशी नोकरीला निघालेल्या आपल्या मुलांना असे सरळ पत्र कोणी लिहिले असते तर बरे झाले असते!

६ नोव्हेंबर १९२५ रोजी ती मुंबईला उतरली आणि दुसऱ्या दिवशी साबरमतीला पोचली. पहिल्याच दिवसांत तिच्या वाट्याला आलेल्या कामांत संडाससफाई होती. नव्या माणसाला आधी काम द्यायचे, ओळख त्यातून होईल, ही आश्रमाची रीत. पुढे वर्ध्याला आलेल्या प्रत्येक परदेशी माणसाला याच उंबरठ्यावरून आत यावे लागले.

वर्ध्यातला तिचा खरा कसोटीचा काळ १९३५ पासूनचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागबंगल्यात, म्हणजे मगनवाडीत, त्याचे ठाणे बसले होते. मगनवाडीच्या लगत सिंदी नावाचे खेडे. (हे सिंदी म्हणजे रेल्वेवाले सिंदी नव्हे. दोन्हींची गल्लत नेहमी होते.) मीराबहेन, महादेवभाई देसाई आणि इतर मंडळी पहाटे बादल्या घेऊन तिथे जात आणि रस्त्याकडेची घाण उचलत. अपेक्षा अशी की चारआठ दिवसांत गावाला लाज वाटेल आणि गाव आपणहून बदलेल. तसे घडले नाही. फुकट सफाई करणारी माणसे येतातच तर येऊ द्यावीत, असा गावाचा व्यवहारी हिशेब. त्यासाठी गावाला दोष देण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे काम एका जातीच्या माथी मारलेल्या समाजाला, गोरी बाई ते आनंदाने करते याचा अर्थ लागणे कठीणच होते.

त्याच काळात मगनवाडीच्या स्वयंपाकघरात आहाराचे प्रयोग चालू होते. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी आणि सोयाबीन हे त्यातले गाजलेले पदार्थ. सोयाबीनबद्दल ‘हरिजन’मध्ये १९३५ साली मजकूर येत होता, आणि इथल्या माणसाला तो दाणा ओळखीचाही नव्हता. आज वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या जोडीला जिकडेतिकडे सोयाबीनच दिसते. मगनवाडीत आलेल्या सगळ्या परक्यांत या मातीला सर्वांत जास्त मानवला तो हा दाणा, असे गमतीने म्हणता येईल. ते मात्र आश्रमामुळे नव्हे, तर फार पुढे बाजारभाव आणि तेलगिरण्यांमुळे घडले.

सिंदीनंतर मीराबहेनने सेगाव गाठले. वर्ध्यापासून पाचेक मैलांवरचे गाव, वस्तीत बहुसंख्य त्या काळच्या शब्दात हरिजन, मालगुजारी बरीचशी जमनालालजींकडे. पक्की सडक नाही, डाकघर नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात बंडीची चाके रुतून बसत. तिथे तिला एकटीने राहून काम करायचे होते, आणि ते कायमचे. दहा वर्षे गांधींच्या सावलीत काढल्यावर स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा तो प्रयत्न होता, असे मला वाटते. पण प्रकृतीने साथ दिली नाही. १९३६च्या वसंतात गांधी सेगावकऱ्यांशी बोलले, त्यात त्यांनी हे स्पष्टच सांगितले. मीराबहेनची इच्छा होती, शरीर पुरे पडले नाही. जे तिला जमले नाही ते पुरे करणे आपले कर्तव्य आहे, म्हणून आपण येत आहोत. ३० एप्रिल १९३६ रोजी ते राहायला आले. म्हणजे सेवाग्रामची जन्मकथा एका परदेशी बाईच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रयत्नापासून सुरू होते. आपण ती अशी सांगत नाही.

त्या सभेत घडलेला एक प्रसंग महादेवभाईंनी नोंदवून ठेवला आहे. गावचे वृद्ध पाटील उठले. आपण आमच्यात येता हे आमचे भाग्य, पण अस्पृश्यतेच्या बाबतीत माझ्याकडून सहकार्य होणार नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. नव्या माणसाला गावाने दिलेले इतके प्रामाणिक उत्तर क्वचित वाचायला मिळते. अदब सोडली नाही आणि खोटा होकारही दिला नाही. पाटलांच्या मताशी आपण सहमत होऊ शकत नाही, पण त्या उत्तरातून एक गोष्ट कळते. सेगावला केवळ मीराबहेन परकी नव्हती, गांधीही परकेच होते. ते गावकऱ्यांशी हिंदीत बोलत. गावाची बोली वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी.

इथे भाषेचा मुद्दा येतो, आणि या सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. मीराबहेन उर्दू शिकून आली, मग हिंदी शिकली. आश्रमात भोवती गुजराती. इतर परदेशी मंडळींचेही तेच. आश्रमात रुळायला हिंदुस्तानी पुरेशी होती, किंबहुना इंग्रजीवरही भागत असे. पण पाचशे पावलांवरच्या घरातल्या बाईला ताप कधीपासून आहे, मूल दूध का पीत नाही, हे विचारायला मराठी हवी होती. विनोबा १९२१ मध्ये वर्ध्याला आले तेही बाहेरचेच, मूळचे कोकणातले गागोद्याचे. पण नालवाडीत किंवा पवनारात त्यांना दुभाष्या लागत नव्हता. परदेशी आश्रमवासी देशाशी जोडले गेले, गावाशी फारसे नाही, याचे एक साधे कारण भाषा हे आहे. श्रद्धा कमी पडली म्हणून असे झाले नाही.

गांधी आल्यावर सेगावात माणसांची रीघ लागली. त्यांनाही एकटेच राहायचे होते, पण ते कोण ऐकणार? आदिनिवासातली दाटी वाढली आणि मीराबहेनची कुटी पुढे गांधींकडे गेली. आज आपण ज्या वास्तूला ‘बापू कुटी’ म्हणून हात जोडतो ती मुळात तिची. कुड, माती, बांबू, वर कवेलू, सगळे आसपासचे सामान, आसपासचे कारागीर. भिंतीवर मातीने उठावात केलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा तिच्या हातचे आहेत. तिथे जाणाऱ्याने एकदा ती भिंत नीट बघावी. तिला गावाची बोली आली नाही, पण गावाची माती हाताळता आली, याचा तो पुरावा आहे. त्याच वर्षी सेगावच्या तापाने सगळ्यांना गाठले. गांधींना हिवताप झाला, वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले. मीराबहेनला विषमज्वर. हवामानाबद्दलचे ते १९२५चे वाक्य अकरा वर्षांनी असे खरे ठरले.

पुढे आगाखान पॅलेसमधली कैद, मग हिमालयाच्या पायथ्याशी गोसेवेचे काम, आणि १९५९ मध्ये तिने भारत सोडला. अखेरची वर्षे तिने व्हिएन्नाजवळ बेथोवनच्या अभ्यासात घालवली आणि १९८२ मध्ये तिथेच तिचे निधन झाले. चौतीस वर्षांनी युरोपात परतलेली ही बाई तिथे पुन्हा नवखीच असणार. या दुसऱ्या नवखेपणाबद्दल आपल्याकडे कोणी लिहिलेले नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात सांगतो. इटालियन लांझा देल वास्तो १९३७च्या आरंभी आला, काही महिने राहिला, कताई शिकला, ‘शांतिदास’ हे नाव घेऊन परतला आणि १९४८ मध्ये फ्रान्समध्ये स्वतःची श्रमनिष्ठ वसाहत उभारली. जर्मन तरुण हर्बर्ट फिशर सायकलवर आणि पायी मजल मारत १९३६ मध्ये पोचला. महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून त्याला स्थानबद्ध व्हावे लागले. पुढे हाच माणूस पूर्व जर्मनीचा राजदूत म्हणून दिल्लीत बसला. मार्जरी साइक्स ही इंग्रज शिक्षिका गांधींच्या पश्चात, १९४९ मध्ये, सेवाग्रामला नई तालीमच्या कामासाठी आली. तोवर मद्रास आणि शांतिनिकेतनात तिची वीस वर्षे गेली होती, तमिळ आणि बंगाली येत होते. नवखेपणाचा तिला सराव होता, म्हणूनच बहुधा ती सेवाग्रामात दहाएक वर्षे टिकली.

जपानी भिक्षूंची हकीकत मात्र थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. निचिदात्सू फुजी हे बौद्ध भिक्षू १९३१ मध्ये भारतात आले आणि ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यात गांधींना भेटले. ‘फुजी गुरुजी’ हे नाव त्यांना इथेच मिळाले. त्यांचा एक शिष्य पुढे आश्रमवासी झाला. हातात छोटा ढोल आणि मुखी ‘नम्यो हो रेंगे क्यो’. भाषा येत नसलेल्या माणसाने एका तालावर लोकांत मिसळून जावे, तसे झाले. दिलेले काम करायचे, प्रार्थना करायची, हसायचे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि सरकारने त्या भिक्षूला आश्रमातून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधींनी जपानी जनतेला उद्देशून जे जाहीर पत्र लिहिले ते जपानच्या आक्रमणाचा कडक निषेध करणारे आहे. त्याच पत्रात या भिक्षूची आठवण आहे. त्याची नियमितता, शांतपणा, हसतमुख वागणे, आणि तो मागे ठेवून गेलेला ढोल, ज्याच्या तालावर आश्रमाची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरू होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नेलेल्या माणसाची प्रार्थना आश्रमाने बंद केली नाही. आश्रमाच्या प्रार्थनेत तो मंत्र टिकून राहिला, आणि फुजी गुरुजींच्या पंथाचा विश्वशांती स्तूप आता वर्ध्यात गोपुरीजवळ उभा आहे.

राहिला मॉरिस फ्रिडमन. वॉर्सा इथला ज्यू, पेशाने विद्युत अभियंता, म्हैसूर सरकारच्या कारखान्यासाठी बंगलोरला आलेला. तो गांधींकडे आला तो हातात कसब घेऊन. इतरांना आश्रमात नवे काम शिकावे लागले, याने आपले जुने काम आश्रमाच्या कामी लावले. धनुष्याने चाती फिरवायची ‘धनुष तकली’ ही त्याची रचना. बांबूचा तुकडा आणि दोरी एवढ्यात होणारी, गावच्या सुताराला दुरुस्त करता येणारी. गांधींनी तिचा हिरीरीने पुरस्कार केला. भारतानंद हे नाव घेतलेला हा माणूस औंध संस्थानात आप्पासाहेब पंतांबरोबर स्वराज्याच्या प्रयोगात होता, आणि त्या घटनेसाठी सेवाग्रामला खेपा झाल्या. आणि मराठीच्या प्रश्नाचे उत्तर याच माणसाकडे सापडते. उतारवयात तो मुंबईला खेतवाडीत, विडीचे दुकान चालवलेल्या निसर्गदत्त महाराजांच्या माडीवरच्या खोलीत जाऊन बसू लागला. महाराज मराठीतच बोलत. ती संभाषणे फ्रिडमनने इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये ती ‘आय ॲम दॅट’ या नावाने प्रसिद्ध झाली. तीन वर्षांनी, १९७६ मध्ये, तो मुंबईतच वारला.