रेलेव्हंट म्हणजे कोणाचा कोण?

'बादरायण संबंध' हा आपल्याकडचा एक झकास शब्द. गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. एक अनोळखी गृहस्थ बैलगाडी घेऊन एका घरी उतरतो आणि मजेत पाहुणचार झोडतो. यजमानाला वाटतं बायकोच्या माहेरचा असेल, बायकोला वाटतं नवऱ्याकडचा. शेवटी न राहवून विचारलं, तर पाहुणा शांतपणे सांगतो, तुमच्या दारात बोरीचं झाड आहे आणि माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं आहे. बदर म्हणजे बोर. झालं की नातं!

आता हेच इंग्रजीत सांगायची वेळ आली की पंचाईत होते. दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे सांगायला इंग्रजीत शब्दांची खाणच आहे: रिलेटेड, कनेक्टेड, रेलेव्हंट, पर्टिनंट, जर्मेन, अप्रोपो... ऑफिसच्या ईमेलमध्ये आपण यातला कुठलाही कुठेही ठोकून देतो आणि चालूनही जातं. पण प्रत्येकाची जन्मकुंडली वेगळी आहे, आणि एकाची तर चक्क आपल्या देशाच्या इतिहासात गुंतलेली आहे.

कनेक्ट सोपा. लॅटिनमधल्या 'एकत्र बांधणे'वरून आला, म्हणजे आपल्या सम् + बंध याचा जुळा भाऊच. जर्मेन त्याहून गमतीचा. मूळ लॅटिन 'जर्मानुस' म्हणजे एकाच आईबापांची लेकरं. स्पॅनिशमध्ये भावाला 'एर्मानो' म्हणतात तो ह्यातूनच. थोडक्यात, जर्मेन मुद्दा म्हणजे विषयाचा सख्खा मुद्दा. चुलत-मावस चालणार नाही. अप्रोपो फ्रेंचांकडून आला. त्याच्या उलट 'माल आ प्रोपो' म्हणजे भलत्या ठिकाणी भलतंच. त्यावरून शेरिडनने १७७५ च्या 'द रायव्हल्स' नाटकात मिसेस मॅलाप्रॉप हे पात्र उभं केलं, आणि शब्दांची अशी गल्लत करण्याला इंग्रजीत तिचंच नाव पडलं.

पर्टिनंटचं पिल्लू म्हणजे इम्पर्टिनंट. त्याचा मूळ अर्थ फक्त 'विषयाला सोडून' एवढाच होता, 'उद्धट' हा अर्थ नंतर चिकटला. हे इंग्रजांचंच खूळ आहे असं समजू नका. आपणही 'अप्रस्तुत' म्हणजे मुद्द्याशी संबंध नसलेलं म्हणतो, पण पगार विचारणाऱ्या काकांना 'हे जरा अप्रस्तुत होतंय' असं म्हणतो तेव्हा अर्थ काय असतो? :) जाता जाता, तालुका हा शब्दही याच गोतावळ्यातला. अरबी 'तअल्लुक' म्हणजे संबंध, जोडलेलं असणं. त्यावरून जोडलेला मुलूख.

असो. आता मुख्य पाहुण्याकडे वळू. रेलेव्हंट.

लॅटिनमध्ये 'रेलेवारे' म्हणजे वर उचलणं, भार हलका करणं. 'रिलीफ' त्याच मुळातून आला. सोळाव्या शतकात स्कॉटलंडच्या कोर्टांत हा शब्द कायद्याच्या भाषेत दिसतो. तिथली पद्धत मोठी छान होती. आरोपपत्र आलं की आधी प्रश्न हा, की यातलं सगळं सिद्ध झालं असं धरून चाललं, तरी गुन्हा होतो का? होत नसेल तर आरोप रेलेव्हंट नाही, पुढचं काही ऐकायलाच नको. म्हणजे खटल्याला उचलून धरेल तो रेलेव्हंट. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम चालवण्याआधीच इनपुट तपासून घेणं.

हा शब्द आपल्याकडे ठाण मांडून बसवला तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या गृहस्थाने. (व्हर्जिनिया वुल्फचे हे सख्खे काका. जर्मेन माहिती नाही, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.) १८६९ ते १८७२ या काळात तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलचा कायदा सदस्य होता. त्याआधी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतल्या हायकोर्टांत इंग्लंडचे पुराव्याचे नियम चालत, आणि मोफसलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जिल्ह्यांत, एकसारखं असं काही नव्हतं. इंग्लंडचे नियम म्हणजे शेकडो वर्षांच्या निकालांचं गाठोडं. जिल्ह्यातल्या कुठल्या मॅजिस्ट्रेटला ते पाठ असणार?

स्टीफनने उलट्या बाजूने सुरुवात केली. काय वगळायचं याची यादी करण्यापेक्षा काय घ्यायचं ते लिहून टाकू. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात १६७ कलमं होती, आणि त्यातलं पाचवं असं सांगत होतं की वादातल्या मूळ गोष्टींचा आणि कायद्याने रेलेव्हंट ठरवलेल्या गोष्टींचा पुरावा देता येईल, बाकी कशाचाही नाही. मग ५५ व्या कलमापर्यंत सगळे संबंध मोजून दिलेले: कारण, परिणाम, हेतू, तयारी, वर्तन. चक्क व्हाइटलिस्ट! आणि कलमांना उदाहरणं जोडलेली, एखाद्या चांगल्या मॅन्युअलसारखी. अ ने ब ला लुटलं का हा प्रश्न असेल, तर लुटीच्या थोडं आधी ब पैसे घेऊन जत्रेत गेला होता आणि ते त्याने लोकांना दाखवले होते, ही गोष्ट रेलेव्हंट. माझ्या मते हा कायदा वाचनीय आहे तो या छोट्या छोट्या गोष्टींमुळे.

यामागची थिअरी काय, तर रेलेव्हन्स म्हणजे कार्यकारणभाव. वाचायला झकास वाटते, पण इथे मुंबईचा एक माणूस आडवा आला. बॉम्बे सिव्हिल सर्व्हिसमधल्या जी. सी. व्हिटवर्थने १८७५ मध्ये एक पुस्तिका काढली आणि दाखवून दिलं की ही व्याख्या काही ठिकाणी फार ऐसपैस आहे तर काही ठिकाणी अपुरी. मला स्टीफन आवडतो तो इथे. त्याने ते मान्य केलं आणि पुराव्याच्या कायद्यावरच्या आपल्या पुस्तकात व्हिटवर्थचं नाव घेऊन मांडणी बदलली. कायदा मात्र होता तसाच राहिला. प्रॉडक्शनमध्ये गेलेला कोड कोण बदलतो!

पण स्टीफनचं कौतुक मला इथे थांबवावं लागतं.

याच कायद्याचं ५४ वं कलम सांगत होतं की आरोपीचा लौकिक वाईट आहे ही गोष्ट रेलेव्हंट नाही, त्याने स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा आणला असेल तरच ती येऊ शकते. पूर्वीची शिक्षा मात्र तेव्हा रेलेव्हंट धरली होती, ते १८९१ मध्ये दुरुस्त झालं. म्हणजे 'हा असलाच आहे' या वाक्याला कोर्टात जागा नाही. त्यावर विश्वास ठेवून लोकांना वर्षानुवर्षं तुरुंगात डांबता येतं हे ज्याला कळतं, त्यालाच या कलमाची किंमत कळेल.

आणि त्याच्या एकच वर्ष आधी, १८७१ मध्ये, त्याच कौन्सिलमध्ये, हाच स्टीफन कायदा सदस्य असताना, क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट पास झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यातल्या माणसांची नोंद व्हायची, हिंडण्याफिरण्यावर बंधनं यायची. माणसाने काय केलं हा प्रश्नच नाही, कोणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे. आधी तो उत्तरेत लागू झाला, मग पसरत गेला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत होती. तो रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला; विमुक्त दिन म्हणून तो दिवस आजही पाळतात. कायदा गेल्यावरही तो शिक्का कसा मागे लागतो हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त वाचता येतं. त्या पुस्तकाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी मिळालं.

कोर्टाच्या आत आरोपीचा वाईट लौकिक बाजूला ठेवायचा, आणि कोर्टाच्या दाराशी पोचायच्या आधीच अख्ख्या जमातीचा लौकिक सरकारी रजिस्टरात लिहून ठेवायचा. दोन्ही एकाच टेबलावरून निघालं. बोरीच्या झाडाचं नातं हसून सोडून देता येतं, हे नाही.

पुरावा कायदा तब्बल १५१ वर्षं टिकला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, पण सांगाडा बराचसा स्टीफनचाच आहे. लौकिकाचं ५४ वं कलम आता ४९ वं झालंय. जुन्या ११ व्या कलमात एक उदाहरण होतं: अ ने अमुक दिवशी कलकत्त्यात गुन्हा केला का हा प्रश्न असेल, तर त्या दिवशी तो लाहोरला होता ही गोष्ट रेलेव्हंट. फाळणीनंतर ७० हून अधिक वर्षं आपले वकील ते तसंच वाचत होते. नव्या कायद्यात गुन्हा चेन्नईत होतो, आणि अ त्या दिवशी लडाखला असतो.