भाता, पिशवी आणि श्वास

मराठीत ‘श्वास’ या शब्दाभोवती आपण इतकी रूपके रचली आहेत की श्वास ही मुळात भात्याची क्रिया आहे, हे विसरायला होते. हा भाता थांबला तर तो बाहेरून कुणीतरी चालवावा लागतो. तो कुणी आणि कशाने चालवला, हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे. आम्ही त्याकडे वळलो ते सालवडच्या एका विद्यार्थ्यामुळे. २०२१ च्या उन्हाळ्यात, प्राणवायूसाठी माणसे वणवण करीत असताना त्याने विचारले होते : “सर, आमच्याकडच्या कंपन्यांत हवेतून नायट्रोजन काढतात. मग उरलेला ऑक्सिजन कुठे जातो?”

उत्तराची सुरुवात कोपनहेगनमध्ये होते. १९५२ साली तेथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास लुळा पडलेल्यांसाठी एक ‘लोखंडी फुप्फुस’ आणि छातीवर बसवायची सहा यंत्रे होती. यंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहातली रबरी पिशवी साथीच्या वॉर्डात आणली. कंठाला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि पिशवी हाताने दाबत राहायची. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, परक्याचा श्वास स्वतःच्या मुठीत सांभाळला. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. नवे काही शोधले गेले नव्हते. जुन्या वस्तूची जागा तेवढी बदलली होती.

पुढे १९५६ मध्ये होल्गर हेसे आणि हेनिंग रूबेन यांनी दाबल्यावर आपोआप फुगणारी पिशवी बनवली. तीच आज आपल्या रुग्णवाहिकांत असणारी ‘अंबू बॅग’. मार्च २०२० मध्ये महिंद्र कंपनीच्या कांदिवली आणि इगतपुरी येथील अभियंत्यांनी ही पिशवी माणसाऐवजी यंत्राने दाबावी, असे प्रारूप ४८ तासांत उभे केले. अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरची किंमत त्या वेळी पाच ते दहा लाख होती. हे साडेसात हजारांच्या आत बसेल, असा अंदाज आनंद महिंद्र यांनी तेव्हा व्यक्त केला होता.

येथे ‘जुगाड’ या शब्दावर भाळून चालणार नाही. करोनाने ताठरलेल्या फुप्फुसात हवा नुसती ढकलून भागत नाही. दाब किती, प्राणवायूचा अंश किती, उच्छ्वासानंतर फुप्फुस किती उघडे राहते, हे सारे मोजावे लागते. इब्सेनच्या विद्यार्थ्यांचा हात रुग्णाच्या छातीचा प्रतिसाद ओळखत होता. स्वस्त यंत्राला ती जाण वेगळी द्यावी लागते. कमी किमतीतले उपकरण गरिबाला मिळावे, पण कमी प्रतीचा श्वास त्याच्या वाट्याला येऊ नये.

एप्रिल २०२१ मध्ये प्रश्न यंत्राचा उरला नाही, वायूचाच झाला. त्या वेळी मुंबईच्या आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या नायट्रोजन संयंत्रातील कार्बनची ‘चाळणी’ काढून झिओलाइटची बसवली. कार्बन प्राणवायू धरून ठेवतो आणि नायट्रोजन पुढे सोडतो; झिओलाइट नेमके उलटे करते. तीन दिवसांत त्याच संयंत्रातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळू लागला. देशभरातली अशी संयंत्रे हेरण्याचे काम मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेले, कारण उद्योगांची माहिती त्याच्याकडे होती.

आता त्या विद्यार्थ्याचे उत्तर देता येते. रसायनांच्या कारखान्यात नायट्रोजन लागतो तो ज्वालाग्राही द्रवांपासून प्राणवायू दूर ठेवण्यासाठी. म्हणून अशा संयंत्रात वेगळा झालेला प्राणवायू पुन्हा हवेतच सोडून दिला जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सालवडसारख्या गावात राहणाऱ्याला हे वाक्य ऐकवणे आम्हाला सोपे गेले नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सर, चाळणी बदलायची होती.”

यावर आम्ही त्याला शुद्धतेची तपासणी, वाहतूक, नळ्या, प्रशिक्षित माणसे यांची गरज सांगितली. ती सारी खरीच होती. तरीही वाटत राहते की त्याने इतिहासाचे सार आमच्याआधी काढले होते : वस्तू बहुधा हाताशीच असते, ती कुणासाठी चालवायची, हे ठरवायचे राहून जाते.