सदोष माल परत पाठवण्याचा खर्च कोणी द्यायचा? छोट्या व्यावसायिकांसाठी माहिती

जोयडा तालुक्यातील दुकाने, होमस्टे आणि घरगुती उद्योग यांना लागणारा बराच माल दांडेली, हुबळी, बेळगाव किंवा गोव्याहून येतो. माल खराब निघाला की पुरवठादार म्हणतो, "परत पाठवा, पण भाडे तुमचे." काही जण पैसे परत करताना 'रिटर्न चार्ज' म्हणून रक्कम कापून घेतात. मालाची किंमत थोडी आणि भाडे जास्त, म्हणून आपल्यातील अनेक जण नुकसान सोसून गप्प बसतात. तसे बसण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहावे.

कोणता कायदा लागू होतो?

पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी माल घेणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार 'ग्राहक' धरला जात नाही. याला एक अपवाद आहे. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा, उदाहरणार्थ शिलाई मशीन घेणारा शिंपी, ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. बाकीच्या व्यवहारांना मालविक्री कायदा, १९३० लागू होतो.

मुख्य नियम

या कायद्याच्या कलम ४३ नुसार, खरेदीदाराला माल नाकारण्याचा हक्क असेल आणि त्याने तो नाकारला, तर माल परत पोहोचवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. 'मी हा माल स्वीकारत नाही' असे विक्रेत्याला कळवणे पुरेसे आहे. वेगळे काही ठरले नसेल तर माल परत नेण्याची जबाबदारी, आणि म्हणून भाडेही, विक्रेत्याकडे जाते.

नाकारण्याचा हक्क कधी मिळतो? माल सांगितलेल्या वर्णनाप्रमाणे नसेल (कलम १५), विकण्याजोग्या दर्जाचा नसेल (कलम १६) किंवा दाखवलेल्या नमुन्याशी जुळत नसेल (कलम १७) तेव्हा. मागवलेल्या मालात वेगळाच माल मिसळून आला, तर बरोबर तेवढा ठेवून बाकीचा नाकारता येतो (कलम ३७). मात्र घेण्याआधी आपण स्वतः माल तपासला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल कलम १६ चा आधार मिळत नाही.

हक्क कधी जातो?

- माल स्वीकारला असे कळवले, तो विकला किंवा वापरायला काढला तर.
- वाजवी मुदतीत काहीच न कळवता माल ठेवून घेतला तर (कलम ४२). नाशवंत मालासाठी ही मुदत फार थोडी असते.
- परतीचा खर्च खरेदीदाराचा, असे सौदा करतानाच ठरले असेल तर त्या खर्चाबाबतचा हक्क उरत नाही.

बिलाच्या तळाशी छापलेली 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळ बिलासोबत पहिल्यांदाच दिसली असेल, तर ती दोघांनी मान्य केलेली अट होती का, असे विचारता येते. माल नाकारण्याची वेळ निघून गेली तरी दोषापुरती किंमत कमी करून मागता येते किंवा भरपाईचा दावा करता येतो (कलम ५९).

वाटेत फुटलेला माल

पाठवताना चांगला असलेला माल वाटेत खराब झाला, तर प्रश्न वेगळा होतो. वाहतूकदाराकडे सोपवलेला माल साधारणपणे खरेदीदाराला दिला असेच धरले जाते. म्हणून पेटी फुटलेली दिसली तर सही करताना पावतीवर तसा शेरा लिहावा. वाहतूकदारावर दावा करायचा असल्यास बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते.

काय करावे?

१. माल आला त्याच दिवशी पेटी उघडून पाहा. उघडताना फोटो किंवा व्हिडिओ घ्या.
२. फोनवर बोललात तरी लगेच लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, रक्कम मोठी असेल तर स्पीड पोस्टने पत्र पाठवा.
३. माल वेगळा, नीट ठेवा.
४. परत पाठवणे सोयीचे असेल तर 'भाडे आपण द्याल' हे आधी लेखी घ्या आणि बिल्टी जपून ठेवा.
५. पुरवठादार जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्याच्याकडून क्रेडिट नोट मागा आणि तीत परत गेलेल्या मालाची पूर्ण रक्कम आहे का ते पाहा.

मजकूर असा असावा: "बिल क्र. ... चा माल दि. ... रोजी मिळाला. त्यातील ... नग ठरल्याप्रमाणे नाहीत. फोटो सोबत आहेत. हे नग आम्ही स्वीकारत नाही. ते आपल्या खर्चाने सात दिवसांत घेऊन जावेत व ... रुपये परत करावेत."

पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर आणखी एक मुदत पाळावी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर पैसे देण्याच्या मुदतीसाठी माल स्वीकारला असे धरले जाते. उशिराच्या रकमेवर व्याजही लागते.

आपण विक्रेते असतो तेव्हा

कोकम, मध, कंदमुळे बाहेरगावी पाठवणाऱ्या सभासदांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून ऑर्डर घेतानाच लिहून ठेवावे: तक्रार किती दिवसांत करायची, फोटो हवेत का, परतीचे भाडे कोणी द्यायचे. पाठवण्यापूर्वी मालाचा आणि वजनाचा फोटो काढावा. मन बदलले म्हणून माल परत करणाऱ्याकडून भाडे मागणे आणि दोष आपला असताना मागणे, यात फरक आहे.

तडजोड झाली नाही तर

कारवार येथील जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून, दावा न लावताही, प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते. तिथे फी नसते. दोघांच्या संमतीने झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो व त्यावर अपील होत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. न्यायालयात दावा लावण्याची मुदत साधारणपणे ३ वर्षांची असते. रक्कम मोठी असेल तर त्याआधीच वकिलाला कागद दाखवावेत.