गिरमिटाला काय कळते?

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत, नोव्हा स्कॉशिया प्रांतात, ओक आयलंड नावाचे सुमारे १४० एकरांचे बेट आहे. गुप्तधनासाठी इतका दीर्घकाळ खणलेली दुसरी जागा क्वचितच सापडेल. गोष्ट अशी सांगतात की, १७९५ मध्ये तीन तरुणांना तेथे एका ओक वृक्षाखाली जमीन खचलेली दिसली. खणू लागल्यावर दर दहा फुटांवर ओंडक्यांचा थर लागला. पुढे १८०४ मध्ये दुसऱ्या एका मंडळीने तो खड्डा ९० फुटांपर्यंत नेला. पण तो पाण्याने भरून गेला. लोक त्याला ‘मनी पिट’, म्हणजे पैशांचा खड्डा, म्हणू लागले. मात्र या घटनांच्या छापील हकिकती १८५७ पासूनच्या आहेत. मूळ खड्डा पाहून त्याच वेळी लिहून ठेवलेले काही आपल्या हाती नाही.

पाणी उपसणे जमेना, तेव्हा १८४९ मध्ये ट्रुरो गावच्या लोकांनी कंपनी काढली आणि खड्ड्याच्या तळात गिरमीट चालवले. ९८ फुटांवर लाकूड लागले. त्याखाली १२ इंच पोकळी, मग ४ इंच ओक, २२ इंच सुट्या धातूचे तुकडे, ८ इंच ओक, पुन्हा २२ इंच धातू, ४ इंच ओक आणि शेवटी माती, असा तपशील पुढे सांगितला गेला. निष्कर्ष झटकन निघाला : एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्या! प्रत्यक्षात वर आले ते लाकडाचे कपचे, नारळाच्या काथ्यासारखे तंतू आणि साखळीच्या तीन बारीक कड्या. ‘धातू’ काही वर आला नाही. तो ओळखला होता गिरमिटाच्या खडखडाटावरून.

आता विचार करा. भोक काही इंच रुंद. त्यातून येणारा माल घुसळलेला, वरच्या थरातला खालच्यात मिसळलेला. सुटी खडी लागली तरी गिरमीट खडखडणारच. बोअर घेतल्याने अमुक खोलीवर काय आहे याचा अंदाज येतो. पण ती वस्तू केवढी आहे, तिच्या शेजारी काय आहे, ती तेथे ठेवली गेली की वरून पडली, हे एका भोकातून समजत नाही. म्हणून भूशास्त्रज्ञ अनेक ठिकाणी बोअर घेतात, मातीचा अखंड नमुना काढतात आणि नमुन्यांची एकमेकांशी तुलना करतात.

ओक आयलंडवर मात्र दोन पेट्या मनात पक्क्या बसल्या. १८५० मध्ये खड्ड्यातले पाणी खारे असून भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते, हे लक्षात आले. लगेच चाच्यांनी समुद्रापासून भुयार आणल्याची कल्पना निघाली. बेटाच्या या भागाखाली पाण्यात विरघळणारे खडक आहेत आणि असा खडक विरघळला की पोकळ्या पडतात, हा साधा खुलासा मागे राहिला. १८७८ मध्ये मनी पिटपासून थोड्याच अंतरावर नांगरट चालू असताना बैलांच्या पायाखालची जमीन अचानक खचली होती!

या हट्टाची किंमत सहा जणांनी जीव देऊन मोजली. १८६१ मध्ये बॉयलर फुटून एक जण गेला, १८९७ मध्ये एक जण विवरात पडून गेला. १७ ऑगस्ट १९६५ रोजी तर विषारी वायूने भरलेल्या विवरात एक जण बेशुद्ध पडला. त्याला वाचवायला त्याचा मुलगा आणि पाठोपाठ आणखी दोघे उतरले. चौघेही मेले. त्यानंतर ७० टनी क्रेन आणून १४० फूट खोल आणि १०० फूट रुंद खड्डा करण्यात आला. खजिना मिळाला नाहीच. पण मूळ खड्डा नेमका कोठे होता, हेही कोणाला खात्रीने सांगता येईना.

पुरातत्त्वज्ञ जमीन चौकोनात आखून घेतात, थर एकेक करून वरून खाली उतरवतात. प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूजवळ मिळाली याची नोंद व रेखाटन करतात. याचे कारण असे की, खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. ओक आयलंडच्या काथ्याचेच पाहा. कार्बन पद्धतीने तो इ. स. १२०० ते १४०० च्या दरम्यानचा ठरला. पण हे वय नारळाचे. काथ्या तेथे कधी आला याचे नव्हे. जहाजात मालाभोवती काथ्या भरत, आणि तो बऱ्याच वर्षांनीही फेकला गेलेला असू शकतो. थरांची नीट नोंद असती, तर कदाचित उत्तर मिळाले असते.

वर्गात हा प्रयोग करता येईल. एका अपारदर्शक डब्यात वेगवेगळ्या रंगांच्या ओल्या मातीचे चार थर द्या. एका थरात खडूचे पाच तुकडे पुरा. एका गटाने पारदर्शक नळीने तीन जागी बोअर घेऊन आत काय आहे ते सांगावे. दुसऱ्या गटाने तसाच दुसरा डबा चमच्याने थराथराने, नोंद करत खणावा. मग दोन्ही गटांना विचारा : खडू किती आहेत? कोणत्या थरात? आणि हे तुम्ही कशावरून म्हणता? तिसऱ्या प्रश्नाला जरा जास्त वेळ द्यावा.