काळ्या पट्ट्याचे प्रमाणपत्र : मान्यता कोणाची, पैसा कोणाकडे?

जबलपूर : ज्युदो, कराटे आणि तायक्वांदो या युद्धकलांचे वर्ग आज देशातील बहुतेक शहरांत भरतात. शाळेची मैदाने, सामाजिक सभागृहे आणि वसाहतींतील मोकळ्या जागा येथे सायंकाळी पांढऱ्या पोशाखातील मुले सराव करताना दिसतात. प्रत्येक काही महिन्यांनी परीक्षा होते, पट्ट्याचा रंग बदलतो आणि हाती प्रमाणपत्र येते. या प्रमाणपत्राचे मोल नेमके किती, ते देण्याचा अधिकार कोणाला आणि त्यासाठी भरलेला पैसा कोठे जातो, हे प्रश्न मात्र पालकांकडून क्वचितच विचारले जातात.

जबलपूरमध्ये या प्रश्नांना विशेष महत्त्व आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेला तोफगाडी कारखाना, खमरिया येथील आयुध निर्माणी, १९६९ पासूनचा वाहन निर्माणी कारखाना, लष्कराची प्रशिक्षण केंद्रे आणि २००३ मध्ये कार्यान्वित झालेल्या पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय यांमुळे हे शहर सरकारी नोकरदारांचे म्हणून ओळखले जाते. भोसल्यांच्या काळापासून आणि पुढे मध्य प्रांताच्या शासनव्यवस्थेतून येथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबेही याच नोकरदार वर्गातील आहेत. अशा शहरात खेळाच्या प्रमाणपत्राकडे नोकरीचे साधन म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे.

पट्टा आणि डॅन यांचा उगम

युद्धकलांतील श्रेणीपद्धती फार प्राचीन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती आधुनिक काळातील आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था स्थापन केली आणि १८८३ मध्ये आपल्या दोन शिष्यांना पहिल्या डॅनची श्रेणी दिली. डॅन ही संज्ञा 'गो' या जपानी पटावरील खेळात आधीपासून प्रचलित होती. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा अशा रंगीत पट्ट्यांचा प्रसार तर १९३० च्या दशकात युरोपात, विशेषतः पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या जपानी ज्युदो शिक्षकांमुळे झाला.

कराटेने ही पद्धती ज्युदोकडून घेतली. गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना कराटेतील पहिल्या डॅन श्रेणी प्रदान केल्या. कोरियात तायक्वांदोच्या श्रेणी प्रमाणित करण्यासाठी १९७२ मध्ये सोल येथे कुक्कीवॉन हे केंद्र उभारण्यात आले.

जिगोरो कानो यांनी स्वतःला कोणतीही डॅन श्रेणी दिली नव्हती, ही बाब उल्लेखनीय आहे. कोडोकानने स्थापनेपासून २००६ पर्यंत सव्वाशे वर्षांत केवळ १५ व्यक्तींना दहावा डॅन दिला. आज मात्र स्वतःच स्थापन केलेल्या संस्थेकडून दहावा डॅन मिळवलेले 'ग्रँडमास्टर' जगभर मोठ्या संख्येने आढळतात.

एक कला, अनेक संघटना

श्रेणी देण्याचा अधिकार हाच संघटनेच्या सत्तेचा आणि उत्पन्नाचा आधार असल्याने नेतृत्वाच्या वादात तो नेहमीच केंद्रस्थानी राहिला आहे. जपान कराटे असोसिएशनमध्ये प्रमुख प्रशिक्षक मासातोशी नाकायामा यांच्या १९८७ मधील निधनानंतर दोन गट पडले आणि त्यांचा वाद १९९९ मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. क्योकुशिन कराटेचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांचे १९९४ मध्ये निधन झाल्यावर त्यांची संघटनाही अनेक गटांत विभागली गेली.

तायक्वांदोमध्ये जनरल चोई हाँग ही यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला, तर १९७३ मध्ये दक्षिण कोरियात जागतिक तायक्वांदो महासंघ अस्तित्वात आला. दोन्हींच्या श्रेणी आणि स्पर्धा वेगळ्या आहेत. चोई यांच्या २००२ मधील निधनानंतर त्यांच्या महासंघाचे नाव एकाहून अधिक गट वापरू लागले. जागतिक तायक्वांदो महासंघाचे संस्थापक अध्यक्ष आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तत्कालीन उपाध्यक्ष किम उन-याँग यांना क्रीडा संघटनांच्या निधीचा अपहार आणि लाचखोरी या आरोपांवरून २००४ मध्ये सोल येथील न्यायालयाने कारावासाची शिक्षा सुनावली. यावरून या क्षेत्रातील पैशाचा प्रश्न केवळ गल्लीतील वर्गापुरता नाही, हे स्पष्ट होते.

शुल्काची साखळी

काळ्या पट्ट्यापूर्वी विद्यार्थ्याला खालच्या अनेक श्रेणी पार कराव्या लागतात. जपानी पद्धतीत त्यांना 'क्यू' तर कोरियन पद्धतीत 'गप' म्हणतात. कराटे व तायक्वांदोत त्या साधारणतः नऊ ते दहा असतात. प्रत्येक श्रेणीसाठी परीक्षा शुल्क, पट्टा आणि प्रमाणपत्र यांचा वेगळा खर्च येतो. समजा, एका वर्गात ६० मुले आहेत, परीक्षा शुल्क ५०० रुपये आहे आणि वर्षातून तीन परीक्षा होतात, तर मासिक शुल्काव्यतिरिक्त वर्षाला ९० हजार रुपये केवळ परीक्षांतून जमा होतात. यातून सभागृहाचे भाडे, परीक्षकांचा प्रवास आणि साहित्य यांचा खर्च भागवावा लागतो, हेही खरे आहे. प्रामाणिक प्रशिक्षकांसाठी ही रक्कम उपजीविकेचा भाग असते.

डॅन परीक्षेच्या वेळी ही साखळी लांबते. विद्यार्थ्याचे शुल्क प्रशिक्षकाकडून जिल्हा व राज्य संघटनेकडे, तेथून राष्ट्रीय संस्थेकडे आणि शेवटी परदेशातील मुख्यालयाकडे जाते. प्रत्येक टप्प्यावर काही रक्कम वाढू शकते. मुख्यालयाचे मूळ शुल्क किती आणि मधल्या संस्थांचा वाटा किती, हे विद्यार्थ्याला सांगितले जातेच असे नाही. प्रशिक्षकाने संघटना बदलल्यास जुन्या प्रमाणपत्रांना मान्यता न देता पुन्हा परीक्षा व शुल्क यांची मागणी होण्याचे प्रकारही या क्षेत्राला अपरिचित नाहीत.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत नियम अधिक स्पष्ट असण्याची गरज आहे. कुक्कीवॉन पंधरा वर्षांखालील मुलांना डॅनऐवजी 'पूम' ही श्रेणी देते. पहिल्या डॅनवरून दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यासाठी दोन वर्षे आणि तिसऱ्यावरून चौथ्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. ठरावीक महिन्यांत काळा पट्टा देण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे

अनेक प्रमाणपत्रांवर 'शासन नोंदणीकृत' असे ठळकपणे छापलेले असते. याचा अर्थ समजून घेणे आवश्यक आहे. मध्य प्रदेशात क्रीडा संस्थांची नोंदणी १९७३ च्या राज्य संस्था नोंदणी अधिनियमानुसार होते. महाराष्ट्रात अशा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार, तसेच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवल्या जातात. १८६० च्या अधिनियमानुसार सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात.

या नोंदणीमुळे संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते. तिने दिलेल्या श्रेणीच्या दर्जाची हमी सरकार घेत नाही. क्रीडा क्षेत्रातील मान्यता ही वेगळी बाब असून ती केंद्रीय क्रीडा मंत्रालय, भारतीय ऑलिम्पिक संघटना, संबंधित आंतरराष्ट्रीय महासंघ आणि राज्याचे क्रीडा खाते यांच्याशी निगडित असते. यांपैकी एकाची मान्यता असली म्हणजे इतरांची असतेच, असेही नाही.

राष्ट्रीय पातळीवरील वाद

मान्यतेचे हे वाद भारतीय खेळाडूंना महाग पडले आहेत. जागतिक कराटे महासंघाने जून २०२० मध्ये कराटे असोसिएशन ऑफ इंडियाची मान्यता तात्पुरती काढून घेतली. त्यानंतर कराटे इंडिया ऑर्गनायझेशन ही संस्था जागतिक महासंघाची सदस्य झाली. तायक्वांदोमध्येही जुना तायक्वांदो फेडरेशन ऑफ इंडिया बाजूला पडून इंडिया तायक्वांदो या संस्थेला जागतिक संघटनेचे सदस्यत्व मिळाले. भारतीय ज्युदो महासंघाचा कारभार २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासकाकडे सोपवला.

अशा प्रत्येक वेळी जिल्हा पातळीवरील प्रशिक्षकाला कोणत्या गटाबरोबर राहायचे, हे ठरवावे लागते आणि त्याच्या निर्णयाचा परिणाम विद्यार्थ्यांवर होतो. मान्यता गमावलेल्या गटाच्या 'राष्ट्रीय' स्पर्धेत मिळालेले पदक पुढील निवडीसाठी किंवा नोकरीसाठी निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. खेळाडूचे कष्ट आणि कुटुंबाचा खर्च मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

नोकरीत पट्ट्याचे मोल

केंद्र सरकारच्या गट 'क' मधील पदांवर थेट भरतीत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्क्यांपर्यंत जागा ठेवता येतात. २०१३ च्या एकत्रित सूचनांमधील खेळांच्या यादीत ज्युदो, कराटे आणि तायक्वांदो यांचा समावेश आहे. तथापि येथे पट्ट्याचा रंग विचारात घेतला जात नाही. देशाचे किंवा राज्याचे राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रतिनिधित्व, आंतरविद्यापीठ स्पर्धा, राष्ट्रीय शालेय स्पर्धा यांतील कामगिरी हेच निकष आहेत. प्रमाणपत्राचा नमुना आणि त्यावर सही करणारा अधिकारीही ठरलेला आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी राष्ट्रीय महासंघाचे सचिव, तर विद्यापीठ स्पर्धेसाठी विद्यापीठाचे क्रीडा अधिकारी प्रमाणपत्र देतात.

मध्य प्रदेश शासनाचे एकलव्य व विक्रम हे खेळाडूंसाठीचे पुरस्कारही स्पर्धांतील यशावर दिले जातात. महाराष्ट्रात दहावी व बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षण यांसाठीही स्पर्धेतील सहभाग वा प्रावीण्य हाच आधार असून नोकरीसाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी होते. तरीही कागदाला नोकरीचे मोल आले की बनावट कागदाचा बाजार उभा राहतो. औरंगाबाद विभागात ट्रॅम्पोलिन या क्रीडाप्रकाराची बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आल्याने हे दिसून आले.

पट्ट्याचा थेट उपयोग होतो तो प्रशिक्षक म्हणून काम मिळवताना. समग्र शिक्षा अभियानांतर्गत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षणात सरकारी शाळांतील मुलींना तीन महिने स्वसंरक्षणाचे धडे दिले जातात. अशा कामासाठी प्रशिक्षक निवडताना त्याच्या श्रेणीचे प्रमाणपत्र पाहिले जाते. ते दर्जाहीन असेल तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही. चुकीचे शिकवलेले तंत्र आणि त्यातून आलेला खोटा आत्मविश्वास मुलींना संकटात टाकू शकतो.

कुस्तीशी तुलना

मराठी वाचकांना परिचित असलेल्या तालमीत पट्टाही नसतो आणि डॅनही नसतो. पहिलवानाची योग्यता आखाड्यात ठरते. १९६१ पासून दिली जाणारी 'महाराष्ट्र केसरी' ही पदवी कुस्ती जिंकूनच मिळते. संघटनांचे वाद कुस्तीलाही चुकलेले नाहीत, परंतु पदवी परीक्षा शुल्क भरून मिळत नाही, हा फरक मोठा आहे. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांतही हेच तत्त्व दिसते. तेथे लढतीत एक खेळाडू लाल आणि दुसरा निळा पट्टा बांधतो. कोणाचा डॅन कितवा, हे पट्ट्यावरून कळत नाही. तायक्वांदोत मात्र आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी कुक्कीवॉनचे डॅन किंवा पूम प्रमाणपत्र आवश्यक असते.

पालकांनी काय तपासावे?

मुलांना वर्गात घालण्यापूर्वी काही बाबींची चौकशी करणे हिताचे ठरते. प्रशिक्षक कोणत्या राज्य संघटनेशी संलग्न आहे आणि ती संघटना कोणत्या राष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे, हे विचारावे. त्या महासंघाचे नाव आंतरराष्ट्रीय महासंघाच्या सदस्य यादीत आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. कुक्कीवॉनच्या प्रमाणपत्राची सत्यता त्या संस्थेच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र क्रमांकावरून तपासता येते.

पहिल्या पट्ट्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतचा एकूण खर्च आणि कालावधी आधीच लेखी घ्यावा. प्रत्येक रकमेची पावती मागावी. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका किंवा प्रमाणपत्र असल्यास ते डॅन श्रेणीपेक्षा वेगळे आणि अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे समजावे. फसवणूक झाल्यास सशुल्क सेवेतील त्रुटीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बनावट प्रमाणपत्राचा प्रकार असेल तर तो फौजदारी गुन्हा ठरतो.

नवा कायदा

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम संमत केला. क्रीडा महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि त्यांच्यातील वाद सोडवण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद त्यात आहे. आपल्या नावात 'भारत', 'भारतीय' किंवा 'राष्ट्रीय' असे शब्द वापरू इच्छिणाऱ्या क्रीडा संस्थांवरही त्यात बंधने घालण्यात आली आहेत. यामुळे स्पर्धा आणि निवड यांविषयीचा गोंधळ कमी होण्याची अपेक्षा आहे.

तथापि डॅन श्रेणी हा मुळात खासगी संस्था आणि तिचा सदस्य यांच्यातील व्यवहार आहे. कोणत्या शैलीत कोणाला कितवा डॅन द्यावा, हे कायदा ठरवत नाही. त्यामुळे प्रमाणपत्राची पारख करण्याची जबाबदारी यापुढेही बऱ्याच अंशी विद्यार्थी आणि पालक यांच्यावरच राहणार आहे.